पाळणाघर सुरू करताना: आधी हात मोजा, मग मुलं

पाळणाघर काढायचं ठरलं की बहुतेकजण आधी जागा बघतात, भिंती रंगवून घेतात, खेळणी आणतात, बोर्ड लावतात आणि शेवटी मावशी शोधायला निघतात. इथेच गणित फसतं. मूल पडतं, उपाशी झोपतं, चावा खातं किंवा तासभर रडत राहतं, तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच असतं: त्या क्षणी खोलीत पुरेसे हात नव्हते. म्हणून फी, जागा, प्रवेशाचा वेग आणि पगार हे सगळं 'एका वेळी किती मोठी माणसं मुलांजवळ असतील' या एका आकड्यावरून काढायचं. या लेखातला क्रम तोच आहे. उदाहरण पुणे, नाशिक किंवा ठाण्याच्या उपनगरातल्या १८ मुलांच्या पाळणाघराचं घेतलं आहे. रुपयांचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे घालून तीच मांडणी पुन्हा करा.

हातांचं गणित

प्रमाण आम्ही असं धरतो: सव्वा वर्षापर्यंतच्या ३ बाळांमागे एक ताई (मुलं सांभाळणारी), सव्वा ते तीन वर्षांच्या ५ मुलांमागे एक, तीन ते आठ वर्षांच्या १० मुलांमागे एक. आपली १८ मुलं म्हणजे ३ बाळं, ५ रांगती-चालती आणि १० मोठी. मोठ्यांतली बहुतेक सकाळी शाळेत असतात आणि दुपारी बाराच्या पुढे येतात. म्हणजे एका वेळी तीन ताई हव्यात.

पण तीन ताई नेमून भागत नाही. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसात हे ११ तास होतात आणि माणूस ८ तास काम करतं. मधल्या ८ तासांत तीन जणी आणि दोन्ही टोकांच्या दीड-दीड तासात दोघी धरल्या, तर रोजचे ३० ताई-तास होतात. भागिले ८, म्हणजे चार ताई. दोघी साडेआठ ते पाच, दोघी अकरा ते साडेसात, प्रत्येकीला अर्धा तास जेवणाची सुट्टी. वेळापत्रक कागदावर तासातासाने मांडून बघा, म्हणजे भोक दिसेल: संध्याकाळी ५ ते ६. सकाळच्या ताई निघून गेलेल्या, मुलं अजून सगळी आहेत, दमलेली आहेत, भुकेली आहेत, आणि दारात पालक यायला लागलेत. पडणं, चावणं, दारातून निसटणं याचा धोका या तासात सगळ्यात जास्त. त्या वेळी संचालिकेने कार्यालयात बसून पालकांशी फीबद्दल बोलायचं नाही, तिसरा हात म्हणून खोलीत बसायचं. एरवी संचालिका आणि स्वयंपाकाच्या मावशी या प्रमाणात धरायच्याच नाहीत.

आणखी एक नियम: मूल एकच उरलं असलं तरी इमारतीत दोन मोठी माणसं असलीच पाहिजेत. एकीला मुलाला घेऊन दवाखान्यात धावावं लागलं तर दुसरी लागते, आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी कोणीही मोठं माणूस मुलासोबत बंद दाराआड एकटं नसावं.

रजेचाही हिशेब आत्ताच करा. चार ताईंच्या वर्षाला प्रत्येकी २४ रजा धरल्या तर ९६ दिवस होतात. वर्षात सुमारे २९० दिवस पाळणाघर चालू राहतं, म्हणजे दर तीन दिवसांतून एक दिवस कोणीतरी नसणार. नेहमीची ठरलेली बदली ताई हवी. मुलं तिला ओळखत असली पाहिजेत, म्हणून तिला महिन्यातून दोन दिवस तरी कामावर बोलवा.

फी कशी काढायची

महिन्याचा ठरलेला खर्च: चार ताई प्रत्येकी १५,००० म्हणजे ६०,०००, अर्धवेळ स्वयंपाक-सफाईच्या मावशी ८,०००, संचालिकेचा पगार २५,०००, बदली ताई ५,०००, भाडं ३२,०००, वीज, पाणी, इंटरनेट ७,०००, दुरुस्ती-खेळणी ३,०००, बोनसची तरतूद, विमा, सीए मिळून ५,०००. एकूण १,४५,०००. शिवाय प्रत्येक मुलामागे खाणं आणि साबण-सफाई १,३००. पगार लिहिताना राज्याचे चालू किमान वेतनाचे दर तपासा. स्वतःचा पगार शून्य धरू नका, कारण तुम्ही आजारी पडलात तर तुमच्या जागी पगारीच माणूस आणावं लागेल.

आता सर्वांना सरसकट ९,००० फी ठेवली तर १८ मुलांचे १,६२,००० येतात. खाण्या-सफाईचे २३,४०० वजा जाता १,३८,६०० उरतात. सगळ्या जागा भरलेल्या असूनही महिन्याला ६,४०० तोटा. बाळाला ताईचा एक तृतीयांश हात लागतो आणि मोठ्या मुलाला एक दशांश, मग फी सारखी कशी चालेल? बाळांना १३,०००, मधल्यांना ११,०००, मोठ्यांना सरासरी ९,००० ठेवली की १,८४,००० येतात आणि सगळं देऊन १५,६०० उरतात. ही फार मोठी रक्कम नाही. १६ मुलांवर हे पाळणाघर थोड्या तोट्यात आणि १७ वर जेमतेम नफ्यात असतं. म्हणून भाडं सगळ्या जागा भरल्यावर येणाऱ्या फीच्या २० टक्क्यांपुढे गेलं तर ती जागा सोडून द्या, कितीही देखणी असो.

जागा एकदम भरत नाहीत. पहिल्या महिन्यात ६ मुलं, दरमहा दोन वाढली, पहिले तीन महिने तीनच ताई ठेवल्या आणि फी सरासरीने धरली, तर सहा महिन्यांचा एकत्रित तोटा सुमारे २ लाख ३६ हजार येतो. ही रक्कम अनामत, फर्निचर आणि रंगकामाव्यतिरिक्त बँकेत वेगळी असावी. पाळणाघरं पहिल्या काही महिन्यांत बंद पडू शकतात ती याच खड्ड्यात. पैसे संपत आले की पहिली कात्री ताईंवर चालते, त्यातून चूक होते आणि पालक निघून जातात.

फीचे नियम प्रवेश अर्जावर छापून घ्या. फी महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, आगाऊ. एक महिन्याची अनामत आणि सोडताना एक महिन्याची पूर्वसूचना. मे महिन्यात मुलं आजोळी जातात, तेव्हा जागा राखण्यासाठी किमान निम्मी फी. हे आधी लिहिलेलं नसेल तर मे महिन्याचं भाडं खिशातून जातं. उशिरा नेण्याचं शुल्क पंधरा मिनिटांच्या टप्प्याने लावा आणि ते थांबलेल्या ताईंना द्या.

वस्तीत मागणी आहे का

दोन आठवडे द्या. आसपासच्या सोसायट्यांतल्या किमान तीस कुटुंबांशी बोला आणि प्रत्येकाला हेच विचारा: मुलाचं वय किती, आत्ता कोण सांभाळतं, ऑफिसमधून घरी पोचायला किती वाजतात, किती फी झेपेल. "तुमच्याकडे पाठवाल का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, त्याला सगळे हो म्हणतात. उत्तरांतून वयोगट दिसतात. बाळंच जास्त असतील तर तुमचं पाळणाघर १८ ऐवजी १२ मुलांचं होईल आणि फी वरच्या गणितात पुन्हा बसवावी लागेल.

घराजवळचं पाळणाघर ऑफिसजवळच्यापेक्षा जास्त टिकतं. शाळेची व्हॅन तिथे मुलाला सोडू शकते, आणि घरून काम करायच्या दिवशीही मूल येतं. कंपन्यांचं गिऱ्हाईक वेगळं असतं. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय देणं २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने बंधनकारक झालं, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटता आलं पाहिजे हेही त्यातच आलं. हिंजवडी किंवा एखाद्या एमआयडीसीजवळ असाल तर कंपनीशी करार करता येतो. राखलेल्या जागेचे पैसे मूल आलं नाही तरी मिळतील हे कलम त्यात घाला, आणि केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाची पाळणाघरांसाठीची किमान मार्गदर्शक तत्त्वं आधी वाचून ठेवा.

जागा

तळमजला. दर मुलामागे किमान ३५ चौरस फूट मोकळी जमीन, त्यात स्वयंपाकघर, बाथरूम आणि कपाटं धरायची नाहीत. १८ मुलांना ६३० चौरस फूट, म्हणजे सुमारे ९०० ते १,००० चौरस फुटांचा दोन बेडरूमचा फ्लॅट. बाळांची खोली वेगळी हवी, नाहीतर चार वर्षांचं धावतं मूल झोपलेल्या बाळावर पडतं. बाळांच्या खोलीला अर्धा दरवाजा बसवा. आतलं दिसतं, आवाज येतो, मूल बाहेर येत नाही.

भाडेकरार करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मिळवा: घरमालकाची व्यवसायासाठी परवानगी, सोसायटीचं ना-हरकत पत्र, आणि वीजमीटर व मालमत्ता कर व्यावसायिक दराने झाल्यास फरक कोणी भरायचा. करार अकरा महिन्यांचा करू नका. तीन वर्षांचा नोंदणीकृत करार करा. मुलांच्या जागा भरायलाच आठ-नऊ महिने लागतात आणि त्यानंतर लगेच पत्ता बदलला तर बरेच पालक सोबत येत नाहीत.

मग गुडघ्यांवर बसून, मुलाच्या उंचीवरून सगळी जागा फिरा. काय बघायचं?

बाथरूममध्ये भरलेली बादली. आपल्याकडे पाणी जातं म्हणून बादल्या-पिंपं भरून ठेवायची सवय असते आणि रांगत्या मुलाला बुडायला दोन-तीन इंच पाणी पुरतं. मूल डोक्याकडून जड असतं, वाकलं की आत जातं आणि ओरडूही शकत नाही. बादल्या उपड्या, पिंपाला कुलूपबंद झाकण, बाथरूमला बाहेरून वर कडी. मुलांच्या संडासाची आतली कडी काढूनच टाका.

ग्रिलच्या गजांमधलं अंतर ४ इंचांपेक्षा कमी. खिडकीखाली चढण्यासारखं काही नको. खालच्या सॉकेटना झाकणं, किंवा ते वर घ्या. दाराच्या बिजागरीच्या फटीत बोटं चिरडतात, तिथे रबरी पट्टी लावा. उंच कपाटं भिंतीला स्क्रूने जखडा. गॅस सिलिंडर शक्य तर बाहेर. डासांचं लिक्विड, फिनेल, उंदरांचं औषध कुलपात. कुंडीतली कण्हेर आणि डिफेनबाकिया विषारी असतात, त्या काढा. रिमोट आणि आवाजाच्या खेळण्यांतल्या गोल बटण-बॅटऱ्या गिळल्या तर काही तासांत अन्ननलिका जाळतात, म्हणून ज्यांचं बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होत नाही अशी खेळणी ठेवूच नका.

कागदपत्रं

दुकाने व आस्थापना कायद्याखाली सूचना किंवा नोंदणी, उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी), स्वयंपाक करत असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी, व्यवसाय कर, अग्निशामक यंत्र आणि त्याची दरवर्षीची तपासणी, सार्वजनिक दायित्वाचा विमा (तुमच्याकडे कोणाला इजा झाली तर भरपाईसाठी). जिल्हा महिला व बालविकास अधिकारी आणि महापालिका यांच्याकडे आणखी काय लागतं ते करारावर सही करण्याआधी विचारा.

पोलीस पडताळणीत सवलत नको. पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) नियम २०२० नुसार पाळणाघरांसह मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या सर्व संस्थांना प्रत्येक कर्मचाऱ्याची पडताळणी ठरावीक काळाने करावी लागते. यात सफाईवाला, व्हॅनचालक, पाळणाघरात काम करणारे तुमचे घरातले लोक, सगळे आले. आणि लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. आधी 'आपापसात' चौकशी करत बसायचं नाही.

२०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यामुळे उघड झाली. नुसता कॅमेरा असून भागत नाही, तो बघावाही लागतो. कपडे बदलायची जागा आणि संडास सोडून सगळीकडे कॅमेरे लावा, ३० दिवसांचं चित्रण ठेवा आणि आठवड्यातून तीन वेळा कोणतीही वीस मिनिटं स्वतः बघा, शक्यतो जेवणाची आणि झोपवायची. सगळ्या पालकांच्या मोबाइलवर थेट चित्र देण्याच्या आम्ही विरोधात आहोत. त्यात इतरांची मुलंही दिसतात. पालकांनी मागितलं की जागेवर बसवून दाखवा, आणि दिवसात कधीही न सांगता येण्याची मुभा द्या.

ताई निवडणं

मुलाखतीत काही कळत नाही. तीन दिवस पगारी चाचणी द्या आणि पाहा: ती जमिनीवर बसते की खुर्ची शोधते, रडणाऱ्या मुलाजवळ जाते की लांबून "गप्प" म्हणते, शी धुतल्यावर न सांगता साबण लावते का, मोबाइल किती वेळा काढते. बालवाडी किंवा अंगणवाडीचं प्रशिक्षण असेल तर चांगलंच, पण या चार गोष्टी त्याहून महत्त्वाच्या. आधीच्या दोन ठिकाणी फोन करा. छातीच्या क्ष-किरणासह वैद्यकीय तपासणी करून घ्या.

पहिल्या आठवड्यात शिकवायच्या गोष्टी: मुलाला एका हाताने उचलायचं किंवा ओढायचं नाही, पाच वर्षांखालच्या मुलांचं कोपर निसटतं. बाळ कितीही रडलं तरी हलवायचं नाही, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. सहन होईना तर बाळ पाळण्यात ठेवून दुसरीला हाक मारायची आणि दोन मिनिटं बाहेर जायचं. त्यासाठी तिला बोलणी बसणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगा. घशात अडकलं तर एक वर्षाखाली पाठीवर ५ थापा आणि छातीवर ५ दाब, वर्षावरील मुलाला पाठीवर थापा आणि पोटावर दाब. हे प्रशिक्षकाकडून बाहुलीवर शिकावं लागतं, व्हिडिओ बघून हाताला येत नाही. १०८, ११२, चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आणि जवळच्या बालरोगतज्ज्ञांचा नंबर दाराजवळ मोठ्या अक्षरात.

झोप, खाणं, स्वच्छता

बाळ पाठीवर, घट्ट गादीवर, एकटं झोपतं. मोहरीची उशी, गोधडीचे थर, मऊ खेळणी पाळण्यात नकोत. साडीच्या झोळीत बाळाची मान छातीवर वाकून श्वास कोंडू शकतो, त्यामुळे घरी सवय असली तरी इथे झोळी नाही. दर पंधरा मिनिटांनी श्वास बघून तक्त्यावर सही. काजळ, गुटी, ग्राइप वॉटर ताईंनी द्यायचं नाही, आजीने डबीत पाठवलं तरी.

आईचं दूध आलं की डबीवर नाव, तारीख, वेळ लिहून लगेच फ्रिजमध्ये. ते फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, पण बाहेर २५ अंशांच्या खाली चारच तास, आणि आपल्या उन्हाळ्यात खोली तेवढी थंड नसते. कोमट पाण्यात बाटली धरून गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये नको. पावडरचं दूध बाळाने तोंड लावल्यावर तासाभरात संपलं नाही तर ओतून द्या. वर्षाखाली मध नाही.

मोठ्यांचं जेवण साधं ठेवा: मुगाची खिचडी, वरण-भात-तूप, नाचणीची लापशी, धिरडं, मऊ थालीपीठ, भोपळ्याची भाजी, केळं. दोन आठवड्यांचा तक्ता लावला की खरेदीही आटोक्यात राहते. शेंगदाणे, फुटाणे, चिक्की, पॉपकॉर्न, आख्खी द्राक्षं चार वर्षांखाली नाहीत. द्राक्ष उभं चिरून चार फाका. वाढदिवसाला पालक चिक्की किंवा गोळ्या आणतात, त्या घरी पाठवा.

लंगोट बदलायची जागा स्वयंपाकघरापासून लांब. प्रत्येक बदलानंतर मुलाचेही हात धुवा, हे नेहमी राहून जातं. गादीचं रेक्झिन आधी साबणाने पुसून मग ५ टक्क्यांचं ब्लीच १ लिटर पाण्यात १० मिलि घालून पुसा आणि दहा मिनिटं ओलं ठेवा. ब्लीचमध्ये संडासाचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो.

आजारपणाचा नियम पहिल्या दिवशी लेखी द्या, कारण ताप असताना पॅरासिटॅमॉल देऊन मूल सोडून जाणं ही रोजची गोष्ट आहे. १००.४ अंश फॅरनहाइट ताप असेल तर घरी, आणि औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तेव्हाच परत. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत. पावसाळ्यात हात-पाय-तोंडाचा आजार पसरतो, त्यात ताप जाऊन फोड सुकेपर्यंत. औषध फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, मात्रा आणि वेळ लिहून. प्रवेशावेळी लसीकरण कार्डाची प्रत घ्या.

मूल रुळवणं आणि मूल सोपवणं

आठवड्याला दोनपेक्षा जास्त नवी मुलं घेऊ नका. प्रत्येक नव्या मुलाला पहिले काही दिवस एक मांडी पूर्ण लागते. पहिल्या दिवशी आईसोबत एक तास, दुसऱ्या दिवशी आई अर्धा तास बाहेर, तिसऱ्या दिवशी दोन तास, चौथ्या दिवशी जेवणापर्यंत, पाचव्या दिवशी झोपेसह. एकच ताई त्याची. आईने मूल खेळात रमलेलं बघून हळूच पळ काढायचा नाही. सांगून, टाटा करून जायचं. रडेल, पण पळून गेलेल्या आईचं मूल पुढे आठवडाभर दाराकडेच बघत बसतं.

नेणाऱ्यांची यादी फोटोसह हवी. यादीत नसलेला काका आला तर पालकाचा फोन आपण लावायचा, त्याने लावून दिलेल्या फोनवर विश्वास ठेवायचा नाही. आई-वडील वेगळे राहत असतील तर ताब्याबाबत न्यायालयाचा आदेश आहे का ते प्रवेशावेळीच विचारा. मुलांचे फोटो सामाईक व्हॉट्सॲप गटात टाकू नका. किती खाल्लं, किती झोपलं, शी कितीदा, कुठे लागलं हे रोज त्या-त्या पालकालाच कळवा. छोटा ओरखडाही पालकाला घरी दिसण्याआधी तुमच्याकडून कळला पाहिजे.

एकोणिसावं मूल

आठ-नऊ महिन्यांत जागा भरल्या की कोणीतरी ओळखीचं येतं: "एकच तर आहे, सांभाळून घ्या." ते बाळ असेल तर बाळांच्या ताईकडे चार होतात आणि आग लागली तर दोन हातांनी चार बाळं बाहेर काढता येत नाहीत. त्याला प्रतीक्षायादीत घाला आणि अंदाजे महिना सांगा. जूनमध्ये मोठी मुलं पूर्णवेळ शाळेत जातात, मधली वर सरकतात, तेव्हा बाळांच्या जागा मोकळ्या होतात. वाढ करायची असेल तर ती ताईच्या पटीत: यादीत मधल्या वयाची किमान चार मुलं अनामत भरून थांबलेली असतील, १७५ चौरस फुटांची आणखी एक खोली मिळत असेल आणि बदली ताई कायम व्हायला तयार असेल. तिला मुलं येण्याच्या पंधरा दिवस आधी कामावर घ्या.